मधल्या थराची कुळकथा

भिवंडीच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शिवारांत आज पत्र्याच्या गोदामांची जी अफाट वस्ती पसरली आहे, तिच्या आत शिरताच मोबाइलची रेंज नाहीशी होते आणि माल मोजून घेणाऱ्या मुकादमाला बोलण्याकरिता शटरबाहेरच्या फलाटावर यावे लागते. मात्र छपरात उजेडासाठी बसविलेल्या फायबरच्या पत्र्याखाली उभे राहिल्यास तीच रेंज पुष्कळदा थोडी परत येते.

एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना तरंगाचा काही अंश सरहद्दीवरूनच माघारी फिरतो, हे त्याचे कारण. हवेतून काचेत जाणारा प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के गमावतो. लोखंडी पत्रा तर रेडिओतरंग जवळजवळ सर्वच परतवतो. 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे बिनतारी तरंग पाठवून घंटा वाजविली, ती त्या भिंती धातूच्या नव्हत्या म्हणूनच.

ही हानी टाळण्याच्या विद्येचा उगम मात्र काचेवरच्या डागांत आहे. काळाने कळकट झालेली जुनी काच नव्या स्वच्छ काचेपेक्षा अधिक प्रकाश सोडते, असे 1886 मध्ये लॉर्ड रॅले यांच्या ध्यानी आले. डाग लागलेली भिंगे अधिक उजळ असतात हे यॉर्कचे भिंगकार डेनिस टेलर यांनीही हेरले आणि तो डाग कृत्रिम रीतीने आणण्याचे पेटंट 1904 मध्ये घेतले. पुढे 1935 मध्ये त्साइस कारखान्याच्या स्माकुला यांनी निर्वात पात्रात काचेवर पातळ थर चढविण्याची रीत सिद्ध केली. थराची जाडी त्यातील तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी ठेवली, की त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग एकमेकांना मारक ठरतात आणि तेवढी शक्ती पुढे जाते. काय हे साधे आणि अपूर्व तत्त्व! रेडिओचा तरंगही याच नियमाने चालतो. फरक एवढाच, की 900 मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर असल्याने असा थर काही सेंटिमीटर जाड होतो.

परंतु लोखंड तरंगाला आत येऊच देत नसल्याने तेथे हा उपाय लागू पडत नाही. छपरावर अँटेना, तिथून केबल आणि आत दुसरी अँटेना, असा मार्गच करून द्यावा लागतो. बाजारातला बिनपरवाना बूस्टर बसविणे बेकायदा आहे, शिवाय तो शेजाऱ्यांचीही रेंज बिघडवतो. म्हणून गोदाममालकांनी आपली दरखास्त मोबाइल कंपनीकडेच करावी, आणि नवे छप्पर घालताना फायबरचे चार पत्रे जास्त बसवावेत.