मृगाची धूळपेर

पाऊस पडायच्या आत कोरड्या मातीत सरकी टोबायची, हिला धूळपेर म्हणतात. मृग बरसला तर साधली, नाही तर बियाणं गेलं. लोहाऱ्याच्या आसपासच्या कापूसपट्ट्यात हा जुगार जुनाच. पण ज्या मृगाच्या भरवशावर तो खेळायचा, त्याच्या स्वतःच्या पोटातही धूळपेरच चालू आहे.

7 जूनच्या सुमारास सूर्य मृगात शिरतो, त्यामुळे ऐन पेरणीत मृग आभाळात दिसतच नाही. तो दिसतो हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत. चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाखाली एक पुसट डाग. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या दिव्यांकडे पाठ केली तर तो नुसत्या डोळ्यांनीही सापडावा. 1610 साली पेरेस्क या फ्रेंच माणसाने तो दुर्बिणीतून टिपला. टिळकांनी 1893 मध्ये मृगावरूनच वेदांचा काळ मांडला. हा डाग म्हणजे तापलेला वायू आहे, हे तोवर हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाने वर्णपटावरून दाखवून दिलं होतं.

त्यामागे मात्र अंधारा, गारठलेला ढग आहे: उणे 260 अंशांच्या आसपास. हा गारठाच कामाचा. ऊब असती तर वायू फुगून पांगला असता. ढगात धूळ वजनाने जेमतेम शंभरातला एक भाग, पण ती बाहेरचा प्रकाश अडवते, आणि हायड्रोजनच्या अणूंची जोडी जमते तीही तिच्याच कणांवर. गारठलेल्या वायूचा पुंजका पुरेसा जड झाला की स्वतःच्याच वजनाने ढासळतो. किती जड, याचं गणित जीन्स या शास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडलं. आकसता आकसता तो गरगरू लागतो, भोवती चकती धरतो. गाभा कोटभर अंशांवर गेला की हायड्रोजन जुळून हेलियम होऊ लागतो. तारा पेटला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनला 1 मीटरची दुर्बीण बांधून वर सोडली आणि मृगातल्या या थंड धुळीचे नकाशे काढले. साध्या दुर्बिणीला जी धूळ आड येते, तीच अवरक्त प्रकाशात बोलते.

तो डाग सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर. आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा इकडे बदामीचे चालुक्य होते. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा, तिथले तारे दहा-वीस लाखांचे. ढगातला थोडाच माल ताऱ्यांत उतरतो. उरलेला त्या पोरसवदा ताऱ्यांच्याच झळीने उधळला जातो, आणि बाणाखाली आपल्याला दिसतो तो उजेड त्या उधळल्या जाणाऱ्या वायूचाच.