विल्यमसन यांचा ध्वनिवर्धक

सन १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत लंडनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनीं आपल्या ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. १५ वॅट शक्तीवरही नादांतील विकृति शेंकडा ०.१ हून कमी! हौशी मंडळी घरींच डाख देऊं लागली.

मूळ युक्ति अमेरिकेंतील हॅरोल्ड ब्लॅक यांची, १९२७ सालची: बाहेर पडणाऱ्या विद्युत्संदेशाचा अल्पांश उलटा करून आरंभीं मिसळावा, म्हणजे यंत्रानें केलेली भेसळ बव्हंशीं कटून जाते. मात्र वाटेंतील ट्रान्स्फॉर्मरनें संदेश रेंगाळविला, तर उलटा अंश सुलट होऊन परततो, आणि यंत्र आपण होऊन कंप पावूं लागतें. म्हणूनच विल्यमसन यांनीं त्याच्या वेटोळ्यांचा बारीक तपशील दिला. तेथें काटकसर करणें वेडेपणाच! कित्येकदां तें कंपन कानाच्या पल्ल्यापलीकडचें असतें. गाणें नासलेलें कळतें, कारण मात्र ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच दिसतें.