भैय्या चौकातून येनानपर्यंत

सोलापूरच्या भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आता स्मारक आहे. १९१० साली जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असताना जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनसाठी काँग्रेस वैद्यकीय पथक पाठवणार असल्याचं त्यानं ऐकलं आणि नाव नोंदवलं.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं निघाले. त्यांत कोटणीसांसोबत नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकरही होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक चीनमधल्या येनानला पोहोचलं. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तिथे दवाखाना एका जागी ठरतच नसे. शत्रू सरकला की रुग्ण, औषधं, हत्यारं सगळं उचलून पुढच्या गावी न्यायचं. १९४० च्या एका लढाईत त्यांनी बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या.

पण त्यांचं सर्वांत मोलाचं काम वर्गातलं वाटतं. १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले, चिनी भाषा शिकून त्याच भाषेत तरुणांना शल्यचिकित्सा शिकवू लागले. एक डॉक्टर किती जखमा शिवणार? त्यांनी शिवणारे हात वाढवले.

सहकारी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं इनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. अपस्माराचे झटके येत असतानाही ते पाठ्यपुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, तेव्हा वय अवघं ३२ होतं आणि पुस्तक अर्धं राहिलं होतं.