गुणांच्या तराजूतील कौशल्य : कॅनडाची गुणाधारित स्थलांतर पद्धती आणि अहिल्यानगर जिल्हा

प्रस्तावना

परदेशातून येऊ इच्छिणाऱ्या माणसाला कोणत्या कसोटीवर स्वीकारावे, हा प्रश्न विसाव्या शतकात अनेक देशांपुढे उभा राहिला. कॅनडाने १९६७ मध्ये त्याचे उत्तर गुणतक्त्याच्या रूपाने दिले. पुढे ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये, न्यूझीलंडने १९९१ मध्ये आणि ब्रिटनने २००२ मध्ये आपापल्या गरजेनुसार हीच वाट धरली. प्रस्तुत लेखात कॅनडाच्या गुणतक्त्यात होत गेलेले बदल तपासले आहेत. तसेच हे गुण ज्या शिक्षणातून मिळतात ते शिक्षण ग्रामीण महाराष्ट्रात कोणी व कसे उभे केले, याचा विचार अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

वंशाकडून पात्रतेकडे

गुणाधारित पद्धतीचे महत्त्व तिच्या आधीच्या इतिहासावरून ध्यानात येते. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशातून खंड न पडता थेट प्रवास करून येण्याची अट घातली. भारतातून तशी थेट जहाजसेवा उपलब्ध नसल्याने भारतीयांना दार बंद झाले. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला पोहोचलेल्या ‘कोमागाता मारू’ जहाजावरील बहुतेकांना परत फिरावे लागले. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यान्वये ५० शब्दांची श्रुतलेखन परीक्षा सुरू केली. भाषा कोणती असावी हे अधिकारी ठरवीत असल्याने नको असलेल्या माणसाला नापास करणे सोपे होते. ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये झालेल्या करारानुसार कॅनडाने भारतीयांसाठी वर्षाला १५० जागा ठेवल्या. १९५७ मध्ये त्या ३०० झाल्या. म्हणजेच कितीही उच्चशिक्षित असला, तरी अर्जदाराचे भवितव्य प्रथम त्याच्या राष्ट्रीयत्वाशी बांधलेले होते. १९६२ च्या नियमांनी कुशल अर्जदारांच्या निवडीतील वंश व राष्ट्रीयत्वाची अट बहुतांशी दूर केली. तथापि अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव उरला होता. त्याला मर्यादा घालण्यासाठी १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणतक्ता लागू झाला.

गुणतक्त्याचे बदलते स्वरूप

मूळ तक्ता १०० गुणांचा असून उत्तीर्ण होण्यास ५० गुण लागत. शिक्षण व प्रशिक्षणास २०, व्यक्तिगत मूल्यमापनास १५ आणि व्यवसायाच्या मागणीस १५ गुण होते. व्यावसायिक कौशल्य, वय, आधीच ठरलेली नोकरी आणि इंग्रजी-फ्रेंचचे ज्ञान यांना प्रत्येकी १० गुण होते. कॅनडातील नातेवाईक व नियोजित ठिकाणची रोजगारसंधी यांना प्रत्येकी ५ गुण मिळत. व्यक्तिगत मूल्यमापनाचे १५ गुण अधिकारी मुलाखतीवरून देत असे. यावरून मर्जीचा अंश नव्या पद्धतीतही शिल्लक राहिला होता, हे स्पष्ट होते.

२००२ च्या तक्त्यात व्यवसायाच्या मागणीचा निकष वगळण्यात आला. शिक्षण २५, भाषा २४, अनुभव २१ आणि वय, ठरलेली नोकरी व जुळवून घेण्याची क्षमता यांना प्रत्येकी १० अशी विभागणी झाली. उत्तीर्णांक प्रथम ७५ होता. सप्टेंबर २००३ मध्ये तो ६७ करण्यात आला. २०१३ मध्ये भाषेचे गुण २८ व वयाचे १२ झाले, तर अनुभवाचे १५ वर आले. १९६७ मध्ये दोन्ही भाषांना मिळून १० गुण होते. २००२ मध्ये केवळ पहिल्या भाषेला १६ आणि २०१३ मध्ये २४ गुण झाले. २०१५ पासून तर ६७ गुण ही केवळ पहिली पायरी ठरली. त्यानंतर पात्र अर्जदारांची १२०० गुणांच्या क्रमवारीत परस्परांशी तुलना केली जाते.

या बदलांचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ३० वर्षांचा, सहा वर्षे अनुभव असलेला पदवीधर अभियंता घेतला, तर २०१३ च्या तक्त्यानुसार त्याला शिक्षणाचे २१, वयाचे १२ आणि अनुभवाचे १५ असे ४८ गुण मिळतात. इंग्रजीच्या वाचन, लेखन, श्रवण व संभाषण या चारही अंगांत तो किमान आवश्यक पातळीवर असेल, तर १६ गुण मिळून बेरीज ६४ होते व तो अनुत्तीर्ण ठरतो. एक पातळी वर गेल्यास २० गुण मिळून बेरीज ६८ होते व तो उत्तीर्ण होतो. पदवी तीच, अनुभव तोच. निर्णय मात्र भाषेच्या एका पायरीवर होतो. दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही पायरी किती उंच आहे, हे ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

कौशल्याची किंमत कोणी मोजली?

गुणतक्ता पदवीची नोंद घेतो. ती घडविणाऱ्या समाजाची नोंद घेत नाही. भंडारदरा धरणाचे पाणी, त्यावर वाढलेला ऊस आणि सहकार यांतून जिल्ह्याच्या उत्तर भागात नवे अर्थकारण उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून स्थापन झालेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या काळात १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे, म्हणजे साखर कारखान्यांच्या परिसरातच, अशी महाविद्यालये सुरू झाली. या शिक्षणाचा भार सहकाराने, उसाच्या पैशाने आणि पालकांनी भरलेल्या शुल्काने उचलला. त्यातून घडलेला पदवीधर परदेशी जातो, तेव्हा यजमान देशाला त्याच्या शिक्षणावर खर्च न करता प्रशिक्षित मनुष्यबळ मिळते. अर्थात त्याने घरी पाठविलेला पैसा व मिळविलेले ज्ञान हा परतावाही लक्षात घेतला पाहिजे. परंतु तो प्रामुख्याने कुटुंबाकडे येतो, संस्थेकडे क्वचितच.

याच जिल्ह्यात स्थलांतराचा दुसरा प्रवाह आहे. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील ऊसतोड मजूर दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांकडे जातात. तेथे पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. ऊस बुडापासून तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून गाडीत चढविणे या कामाला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तरीही कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणात शेतीतील कापणीचे काम सर्वांत खालच्या श्रेणीत येते आणि कुशल कामगारांच्या तक्त्यात त्या अनुभवाला एकही गुण नाही. म्हणजे ज्या उसाच्या पैशावर अभियंता घडला, तो ऊस तोडणाऱ्याचे श्रम ‘कौशल्य’ या संज्ञेत बसत नाहीत.

समारोप

गुणाधारित पद्धतीने ‘तू कोठला?’ या प्रश्नाऐवजी ‘तुला काय येते?’ असा प्रश्न विचारला, ही तिची ऐतिहासिक कामगिरी होय. १९५१ च्या १५० जागांशी तुलना करता हा पालट लहान नाही. तथापि ‘काय येते’ याचे उत्तर माणूस कोठे जन्मला, कोणत्या भाषेत शिकला आणि त्याच्या तालुक्यात पाणी पोहोचले की नाही, यांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. गुणतक्ता यजमान देशाच्या गरजेनुसार बदलतो. २००२ मध्ये वगळला गेलेला निकष १९६७ मध्ये महत्त्वाचा होता. अशा बदलत्या तक्त्याला ग्रामीण महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या योग्यतेचे अंतिम माप मानू नये. विद्यार्थ्याला इंग्रजीची ती एक पायरी चढण्याचे बळ देणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. त्याचबरोबर ज्यांच्या श्रमावर ही महाविद्यालये उभी राहिली, त्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना वर्गापर्यंत आणणे हेही तितकेच अगत्याचे आहे.