डर्टी काउ दोष

डर्टी काउ दोष : लिनक्स या परिचालन प्रणालीच्या कर्नलमधील, म्हणजे गाभ्यातील, स्मृतिव्यवस्थापनाचा एक दोष. २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून तो वापरण्याजोगा होता. त्याची दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. नवी दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांत उतरविणे (बॅकपोर्ट) किती नाजूक असते, हे या प्रकरणात विशेष स्पष्टपणे दिसते.

अनेक प्रक्रियांना स्मृतीतील एकच पृष्ठ वाचण्यासाठी सामाईक दिले जाते. एखादीने त्यावर लिहावयास घेतले की कर्नल तिला स्वतंत्र प्रत करून देतो. या पद्धतीस ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात व तिच्या आद्याक्षरांवरून ‘काउ’ हे नाव पडले. प्रत तयार झाल्यावर ‘लिहावयाचे आहे’ ही खूण कर्नल काढून टाकी. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या धाग्याने ती प्रत टाकून दिली, तर लेखन मूळ पृष्ठावरच होई. परिणामी सामान्य वापरकर्त्यास केवळ वाचनासाठी असलेल्या फायली बदलून संपूर्ण यंत्राचा ताबा घेता येत असे. फिल ओस्टर यांना हा दोष प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेल्या आज्ञावलीवरून आढळला.

लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी २००५ मध्येच यावर उपाय योजला होता. परंतु आय्‌बीएम्‌च्या एस३९० या महासंगणकांवर अडचणी आल्याने तो मागे घेण्यात आला. पृष्ठावर लेखन झाल्याची नोंद इतर बहुतेक यंत्रांत पृष्ठकोष्टकात असते, एस३९० वर ती तेथे नव्हती. २०१३ च्या ३.९ या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली. २०१६ ची दुरुस्ती याच नोंदीवर विसंबते : लेखनाची खूण न काढता प्रत झाल्याची वेगळी खूण ठेवावयाची व कोष्टकातील नोंद तपासावयाची. २० ऑक्टोबर २०१६ रोजी ४.८.३, ४.७.९ व ४.४.२६ या आवृत्त्यांतून ती प्रसृत झाली. ३.९ पूर्वीच्या कर्नलांत मात्र तीच ओळ जशीच्या तशी उतरविणे पुरेसे नव्हते. तेथे कोष्टकाऐवजी पृष्ठाचीच स्थिती पाहणे भाग होते. मूळ दुरुस्तीच्या टिपणातच टॉरव्हाल्ड्‌स यांनी तसे नमूद केले आहे.

आवृत्तीचा क्रमांकही फसवा ठरतो. वितरक नंतरचे बदल जुन्या पायावर आणून बसवीत असतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ चा पाया २.६.१८ हा, म्हणजे दोषाच्या आधीचा. तरीही त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. या प्रणालीत हल्ल्याचा सर्वपरिचित मार्ग बंद होता, पण दुसरा खुला होता. अँड्रॉइड दूरध्वनींची स्थिती याहून बिकट होती. त्यांतील जुने कर्नल निर्मात्यांच्या हाती असल्याने दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचली नाही आणि सप्टेंबर २०१७ मध्ये हाच दोष वापरणारी झ्नियू ही घातक आज्ञावली उघडकीस आली.

मोठ्या आकाराच्या पृष्ठांनाही हीच तपासणी लावण्यात आली होती. तेथे स्वतंत्र प्रत न होताही पृष्ठावर लेखन झाल्याची नोंद होऊ शके, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये आढळले. त्यामुळे आणखी एक दुरुस्ती करावी लागली व तीही जुन्या आवृत्त्यांत उतरवावी लागली.