फाट्यावरची सायकल कुठे गेली?

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी ते काढा, हा भाग घरी जाऊन वाचा. आजचा विषयच तसा आहे.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून चारेक किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यात. नागपूर–तुळजापूर रस्ता आणि अकोला–हिंगोली–नांदेड रस्ता इथे भेटतात. बाहेरच्यांना फाटा आठवतो तो खिचडीमुळे. मला आठवतो सायकलमुळे. आठवीत मी रोज सायकलने फाट्यावरच्या शाळेत जायचे. आम्ही पाच मुली, एकामागे एक. आमचे काका त्याच रस्त्याने दुधाचे कॅन घेऊन जायचे.

एका हिवाळ्यात, उसाचा सीझन चालू असताना, संध्याकाळी काका परत येत होते. कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. तिला वळसा घालायला काका रस्त्यावर आले आणि मागून गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. काका वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. आणि दुसऱ्या आठवड्यात आम्हा पाचही जणींच्या सायकली घरात लागल्या. दोघींची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. अपघाताच्या नोंदीत जखमी एकच होता. या दोघी कुठेच मोजल्या गेल्या नाहीत.

आता थोडं मागे जाऊ. १८९६ सालचा मे महिना, न्यूयॉर्क. अमेरिकेतला मोटारीचा पहिला नोंदलेला अपघात मानतात तो हा. धडक कोणाला बसली? एव्हलिन थॉमस नावाच्या सायकल चालवणाऱ्या बाईला. पाय मोडला. म्हणजे मोटार रस्त्यावर आली आणि पहिली गाठ पडली ती सायकलशीच!

गंमत म्हणजे तिकडे चांगल्या रस्त्यांची मागणी आधी लावून धरली ती सायकलवाल्यांनी. अमेरिकेत त्यांची संघटना १८८० साली झाली आणि चिखलाचे रस्ते सुधारा म्हणून तिने मोहीम चालवली. रस्ते गुळगुळीत झाले, मग त्यावरून मोटारी धावल्या. घर बांधलं एकाने, राहायला आला दुसरा.

मग ब्रिटन. १९३४ साली तिथे एका वर्षात १,५३६ सायकलस्वार मेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींसाठी वेगळा ट्रॅक उघडला. सायकलवाल्यांच्या क्लबने विरोध केला. त्यांना भीती होती, की आज बाजूला काढतील, उद्या मुख्य रस्त्यावरचा हक्कच घालवतील. भीती खोटी नव्हती. पण पुढे झालं असं, की ट्रॅकही पुरेसे झाले नाहीत आणि रस्ताही राहिला नाही. आज तिथे वर्षाला शंभराच्या आसपास सायकलस्वार मरतात. वाटतं, वा, केवढी सुधारणा! सुधारणा झालीच, पण १९४९ च्या तुलनेत लोक आता सायकल चालवतात जेमतेम एक चतुर्थांश अंतर. बरेचसे सायकलवाले रस्त्यावरून निघून गेले. आमच्या त्या दोघींसारखे.

नेदरलँड्सने दुसरा रस्ता धरला. १९७१ साली तिथे अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेवर मुलं. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'मुलांचे खून थांबवा'. त्यांनी मुलांना घरात बसवलं नाही, रस्ते बदलायला लावले. आजचे डच सायकल ट्रॅक जन्मापासून तिथे नव्हते, बरं का. भांडून मिळालेत.

आता आपल्याकडे या. फाट्याला मिळणारे दोन्ही रस्ते आता चौपदरी महामार्ग झालेत. मी इंजिनिअर, म्हणून साधा हिशेब मांडते. गाडी ताशी ८०, सायकल ताशी १५. दोघांतलं अंतर कमी होतं सेकंदाला १८ मीटरने. अंधारात डिपरवर गडद कपड्यातला सायकलवाला ४० मीटरवर दिसला असं धरा. हातात उरतात २.२ सेकंद. आपल्याकडे रस्त्याचं डिझाईन करताना ड्रायव्हरला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच धडक! तोच रिफ्लेक्टर १५० मीटरवरून चमकला तर आठ सेकंद मिळतात. वीस-पंचवीस रुपयांचा तुकडा, सहा सेकंद जास्त देतो. आजच लावा.

पण तेवढ्यावर विषय संपत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत अवतार सैनी गेले. इंटेलच्या ३८६, ४८६ आणि पेंटियम चिपवर काम केलेला माणूस. सकाळी सायकल चालवताना मागून कॅबने धडक दिली. आमच्या क्षेत्रातले लोक हळहळले, बातम्या झाल्या. पण देशात दरवर्षी चार हजारांहून जास्त सायकलस्वार जातात. त्यांत दूधवाले, मजूर, शाळेची पोरं किती असतील? आणि त्यांच्यासाठी कुठे बातमी होते?

मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि नावाप्रमाणे तो मुख्यतः मोटारींचा. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३८ मध्ये पोटकलम आलं: बिनमोटारीची वाहनं आणि पायी चालणारे यांच्यासाठी राज्य सरकार नियम करू शकतं. या अधिकाराचे दोन उपयोग होतात. एक, सायकलला महामार्गावर बंदी. दुसरा, तिला जागा. बंदी सोपी आहे. पण गाव एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर बंदी कोणावर पडते? शाळेवरच ना?

म्हणून ग्रामसभेत बोलताना मोघम 'सुरक्षा' मागू नका. नेमकं मागा: मध्येच न तुटणारा सर्व्हिस रोड, फाट्यावर दिवे, ओलांडायला सुरक्षित वाट, आणि ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर.

दिवाळीत गावी गेले होते. काकांची सायकल अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. काकांची नात पुढच्या वर्षी आठवीत जाईल. तिने विचारलं, "आत्या, ही चालवू का?"

मी चेन साफ केली, तेल घातलं, मागे लाल रिफ्लेक्टर बसवला. "गल्लीत चालव," एवढंच म्हणाले. फाट्यापर्यंत जा, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तुमच्या गावात सायकलने शाळेत जाणं कोणाचं थांबलंय? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू.