बॅरेन्झियाच्या मुकुटातील चोवीस खडे

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने पाठचिकित्सेच्या प्रबंधिकेसाठी आमच्यापुढे एक विषय ठेवला होता. विषय एका संगणकीय खेळातील ग्रंथांच्या पाठभेदांचा होता. आम्ही तो नाकारला. नाकारताना दिलेली कारणे तेव्हा आम्हाला पुरेशी वाटली होती: खेळ म्हणजे साहित्य नव्हे, त्यातील पुस्तके ही सजावट, आणि मराठी विभागाशी त्याचा संबंध काय? पुढे घरातील मुलांमुळे तोच खेळ आमच्याही पाहण्यात आला. आज जे लिहीत आहोत ते त्या नकाराचे थोडेबहुत प्रायश्चित्त समजावे.

खेळाचे नाव 'द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम'. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केला. उत्तरेकडच्या एका हिमाच्छादित प्रांतात खेळाडू हिंडतो, लढतो, लुटतो. आणि हिंडता हिंडता कधीतरी त्याला एका लहानशा नक्षीदार पेटीत एक गुलाबी-जांभळा खडा सापडतो. त्याचे नाव नुसतेच 'अनयूज्युअल जेम', म्हणजे काहीतरी निराळे रत्न. येथून पंचाईत सुरू होते. खेळातील इतर कोणतेही रत्न सराफाला विकता येते, पण हे विकले जात नाही. ते टाकूनही देता येत नाही. रोजनिशीत एवढीच नोंद उमटते, की याची कुणा जाणत्याकडून पारख करून घ्यावी. जाणता कोण, ते कळायला बराच काळ लागतो. रिफ्टन नावाच्या शहराखालच्या भुयारी गल्ल्यांत एक गुत्ता आहे, तेथे व्हेक्स नावाची एक घरफोडीण बसते. तीही खेळाडू चोरांच्या श्रेणीत दाखल झाल्याखेरीज दाद लागू देत नाही. ('गिल्ड'साठी आम्ही 'श्रेणी' हा आपल्या प्राचीन इतिहासातला शब्द वापरतो आहोत, चोरांना तो लावल्याबद्दल इतिहासाच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी.) मग उलगडा होतो, की हा खडा राणी बॅरेन्झियाच्या मुकुटातला आहे. असे एकूण चोवीस खडे उपटले जाऊन प्रांतभर विखुरलेले आहेत, आणि ते सगळे आणल्यासच त्यांना मोल.

या चोवीस खड्यांनी जगभरच्या खेळाडूंना किती छळले आहे याची कल्पना खेळ न खेळणाऱ्या वाचकाला येणे कठीण. एरवी या खेळात कुठे जायचे ते नकाशावरील बाण दाखवतो. या खड्यांना बाण नाही. एक व्हाइटरनच्या सरदाराच्या निजखोलीत, एक त्याच गावच्या मृतागारात, एक विंटरहोल्डच्या विद्यापीठात महापंडिताच्या दालनात, एक डेंटी स्लोड नावाच्या जहाजावर, एक थालमोर वकिलातीखालच्या गुहेत. एक तर सॉलिट्यूडमधल्या अशा वाड्यात आहे, की जो विकत घ्यायला २५,००० नाणी मोजावी लागतात. त्यामुळे या खड्याचे करायचे काय, या प्रश्नाला खेळाडूंमध्ये मिळणारी उत्तरे सारी व्यवहारी आहेत. चोविसांची यादी समोर ठेवून एकेक घर गाठा, असे कोणी सांगतो. पहिल्या पेटीला हातच लावू नका, असे दुसरा बजावतो. एकदा उचलला की तो खडा झोळीला चिकटला. दोन्ही सल्ले शहाणपणाचेच आहेत. मात्र त्यांत ही बॅरेन्झिया कोण, असा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो.

आणि याचे उत्तर खेळातच, फळीवर पडलेले असते. स्कायरिमच्या घराघरांत, सराया-किल्ल्यांत पुस्तके आहेत. उचलून उघडली की पानोपानी वाचता येतात. त्यांत बॅरेन्झियाची एक नव्हे, दोन चरित्रे आहेत. एक 'बायोग्राफी ऑफ बॅरेन्झिया', तीन भागांचे, स्टर्न गँबोज या शाही लेखनिकाच्या नावे असलेले. दुसरे पाच भागांचे 'द रिअल बॅरेन्झिया', निनावी. मॉर्नहोल्डची ही राजकन्या, टायबर सेप्टिमच्या फौजांनी ते नगर घेतल्यावर अनाथ होऊन परक्या सरदाराच्या घरी वाढली, इथपर्यंत दोन्ही चरित्रे हातात हात घालून चालतात. पुढे वाटा फुटतात. मुलगी एके दिवशी घरातून पळून जाते. शाही चरित्रकार तिच्या पळण्याचे खापर तबेल्यातल्या एका अनाथ, कुटिल पोरावर फोडतो. निनावी ग्रंथात हाच पोरगा तिचा जिवाभावाचा सवंगडी स्ट्रॉ आहे, आणि पळण्याची इच्छा तिची स्वतःची आहे. ती पळून जाते कुठे? रिफ्टनला. तेथे काय करते? थेरिस नावाच्या मांजरवंशी चोराशी संधान बांधून चोरांच्या श्रेणीत शिरते.

व्हेक्स ज्या शहरात बसून खड्याची पारख करते, त्याच शहरात तो मुकुट पुढे जिच्या डोक्यावर चढला ती मुलगी चोरी शिकली होती. खेळ हे कुठेही बोलून दाखवत नाही. व्हेक्सला मुकुटाच्या किमतीत रस आहे. फळीवरचे पुस्तक ज्याने वाचले त्यालाच कळते, की हे खडे फिरून फिरून आपल्या जुन्या दारी आले आहेत.

आता पाठभेदांविषयी. ही दोन्ही चरित्रे स्कायरिमहून जुनी आहेत. ती प्रथम १९९६ च्या 'डॅगरफॉल' या खेळात आली. त्यातल्या 'द रिअल बॅरेन्झिया'त रिफ्टनचा प्रसंग अत्यंत उघड्या शब्दांत होता. श्रेणीत शिरण्यासाठी थेरिसला द्यावी लागलेली किंमत त्यात झाकलेली नव्हती. २००२ च्या 'मोरोविंड'मध्ये ग्रंथ पुन्हा आला तेव्हा ते वर्णन गळले होते, आणि स्कायरिममध्ये वाचायला मिळतो तो हाच सोवळा पाठ. म्हणजे ज्या ग्रंथाने आपल्या नावातच 'खरी' असल्याचा दावा केला आहे, त्याचीच छापील, म्हणजे पडद्यावरील, प्रत कापलेली. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिथून पाठचिकित्सेचा तास आम्ही सुरू करतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो, की लेखनिक चुकतो केव्हा आणि मुद्दाम गाळतो केव्हा. या खेळातील ग्रंथाला हा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. डॅगरफॉलचा पाठ मूळ मानायचा, की तो एका विशिष्ट काळाच्या चवीचा अतिरेक होता आणि कात्री लावली हेच बरे झाले? आमच्यात यावर एकमत नाही. आमच्यापैकी एकाला वाटते, की थेरिसचा प्रसंग गाळल्याने राणीचे काहीच गेले नाही, उलट एक बटबटीत पान गेले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ते पान बटबटीत होते म्हणूनच व्यवहारातली निर्दयता त्यात दिसत होती. आता उरला आहे तो मुलीचा नुसता अल्लडपणा.

एका गोष्टीवर मात्र आमचे दुमत नाही. कात्री लावणाऱ्यांनी त्याहून भयंकर प्रसंग शाबूत ठेवला आहे. बॅरेन्झिया बादशहा टायबर सेप्टिमच्या दरबारी राहते, त्याच्यापासून तिला दिवस जातात, आणि बादशहाच्या हुकमाने, तिच्या इच्छेविरुद्ध, तो गर्भ नाहीसा केला जातो. शाही चरित्रात यातले एक अक्षर नाही. तेथे दरबारातला तो काळ म्हणजे भावी राणीचे शिक्षण. तीन भागांचे ते चरित्र ज्या जागी सर्वांत गुळगुळीत होते, तिथेच पाच भागांचे चरित्र थांबते, रेंगाळते. अधिकृत इतिहास कसा लिहिला जातो हे शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला अद्याप सापडलेले नाही.

२००२ सालीच 'मोरोविंड'ला 'ट्रायब्युनल' नावाची पुरवणी जोडली गेली. तीत बॅरेन्झिया स्वतः भेटते: वृद्ध राजमाता, मुलगा हेलसेथ गादीवर. आणि त्याच मॉर्नहोल्डमध्ये प्लिटिनियस मेरो नावाचा एक लेखक भेटतो. 'द रिअल बॅरेन्झिया' लिहिणारा निनावी हात त्याचाच. तो राहतो कुणाच्या आश्रयाला? तिच्याच. जिच्या अब्रूची पाने त्याने जगापुढे उघडी केली, तिनेच त्याला सांभाळले आहे. हा प्रसंग आम्हाला चोवीस खड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याचा अर्थ लावण्याचे आम्ही येथे टाळतो. ग्रंथ खरा होता म्हणून, की खोटाही तिला शाही चरित्रापेक्षा जवळचा वाटला म्हणून, याचा निर्णय वाचकाने करावा.

खड्यांची गोष्ट पुरी करायला हवी. चोवीस जमले तरी काम संपत नाही. खडे उपटलेला मुकुट टोल्वाल्डच्या गुहेत आहे, तो आणावा लागतो. तो व्हेक्सच्या हाती दिला, की खेळाडूला एक वरदान मिळते: यापुढे पेट्यांत आणि प्रेतांवर साधी रत्ने अधिक सापडतील. एवढा खटाटोप करून रत्नांच्या बदल्यात रत्ने! हे वरदान हाती येईपर्यंत बहुतेकांना पैशाची ददात उरलेली नसते, त्यामुळे अनेक खेळाडू फसवले गेल्याच्या भावनेने हात झटकतात. मुकुट खेळाडूला घालताही येत नाही. श्रेणीच्या तळघरात, एका अर्धपुतळ्यावर, तो ठेवला जातो. बक्षीस म्हणून पाहिले तर हे खरोखरच भिकार आहे, आणि खेळाडूंची तक्रार आम्हाला मान्य आहे. पण मॉर्नहोल्डच्या राजवाड्यात तो मुकुट शाही चरित्राचा असता. रिफ्टनच्या तळघरात तो दुसऱ्या चरित्राचा आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही अलीकडे पत्र लिहिले आणि तिचा तो जुना आराखडा अजून जपला असल्यास पाठवायला सांगितले. तिने पाठवला. त्यात दोन पाठ शेजारी शेजारी लावले होते, गाळलेल्या ओळींच्या जागी कंस टाकले होते. समासात पेन्सिलीने आमचाच शेरा होता : 'विषय अभ्यासक्रमाबाहेर'.